राख, मीठ आणि कापलेला परिच्छेद

राख मिसळलेलं काँक्रीट सावकाश पकतं. जिथे गोठणारं पाणी आणि मीठ दोन्ही लागणार आहेत, तिथे सिमेंटच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक राख घालू नये. वरचा थर घोटताना वर आलेलं पाणी त्यातच घोटून बसवू नये. काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवणारं औषध टाळू नये. राखेत अर्धवट जळलेला कोळसा जास्त असेल तर ती हे औषध पिऊन टाकते, म्हणून मात्रा तपासून घ्यावी. काँक्रीट निदान चार आठवडे सतत ओलं ठेवावं, नंतर वाळू द्यावं आणि मगच त्याला मीठ लागू द्यावं. एवढं पाळणं शक्य नसेल तर अशा जागी राख घालूच नये. वरची साल साध्या काँक्रीटपेक्षा लवकर निघेल.

दिलीप, हा तुझा परिच्छेद. एकही शब्द बदललेला नाही. तुझ्या लेखात तो शेवटी होता आणि तो छापून आला नाही. आज तो सगळ्यांत वर घेतला आहे, कारण वर्तमानपत्रात जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. या लेखाचं तसं झालं तर माझं काही तरी जाईल, तुझं जाणार नाही.

तू गेल्याला महिना झाला. तुझ्या घरी बसायला आलेल्यांपैकी निदान तिघांनी माझ्यादेखत जवळपास एकच वाक्य म्हटलं. ‘मानूस सोन्यासारखा, पन राखीच्या नादी लागला.’ सुनंदावहिनी आत चहा करत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं, कारण कपबशांचा आवाज थांबला. मी तिथे बसलेला एकमेव माणूस होतो ज्याला या वाक्याचं उत्तर माहीत होतं. मी चप्पल घातली आणि बाहेर आलो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तू नोकरीतली बहुतेक वर्षं हिमालयातल्या रस्त्यांवर काँक्रीट तपासण्यात घालवलीस. तिथे पुलांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. वरची साल पापुद्र्यांनी निघते आणि मीठ आतल्या सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते. वीज केंद्राच्या चिमणीत पकडलेली बारीक राख सिमेंटमध्ये मिसळली तर या दोन्हींचं काय होतं, हा तुझा विषय होता. तू तो निवृत्तीनंतर कारंजात घेऊन आलास. लोक तिकडून अक्रोड आणतात.

मी तुला महामार्गावरच्या ढाब्यावर विचारलं होतं, ‘आपल्या इकडं बर्फ कुठं पडते बे? कोनासाठी लिहून राह्यला तू?’

तू चहा बशीत ओतलास, फुंकलास, प्यायलास. घाई तुला कधीच नव्हती. मग म्हणालास, ‘पडत नाई. बनते. चाल, गोवर्धनशेठच्या कारखान्यात दाखवतो.’

गोवर्धनशेठचा बर्फाचा कारखाना मी लहानपणापासून बाहेरून पाहिला होता. तळेगावहून कारंजाच्या बाजाराला आलो की त्याच्या दारात उभं राहायचं, थंड हवा अंगावर घ्यायची, एवढाच संबंध. तू मला आत नेलंस. शून्याच्या बरंच खाली थंड केलेल्या खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात बुडवलेले गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे, डब्यात जमणाऱ्या लाद्या. डबा वर उचलला की खारं पाणी फरशीवर सांडतं. टाकीच्या कडेला ते गोठतं. माल बाहेर नेण्याचं दार उघडलं की उन्हाची झळ आत येते आणि ते वितळतं. दिवसातून कित्येकदा. टाकीच्या भोवतालचं काँक्रीट माशाच्या खवल्यांसारखं सुटलेलं होतं. तू गुडघ्यावर बसलास, एक पापुद्रा नखानं उचललास आणि माझ्या तळहातावर ठेवलास.

‘वर पुलावर हेच पाह्यलं मी. सेम टू सेम. तिथं एका हिवाळ्यात जेवढं होते, ते इथं एका उन्हाळ्यात.’

गोवर्धनशेठ मागे उभे होते. ते म्हणाले, ‘साहेब, दर सालची फरशी हाये ही. मी तं आता बोलनंच सोडलं.’

तो दिवस चांगला होता, हे नोंदवून ठेवतो. त्यानंतरचे फारसे चांगले गेले नाहीत.

लेख लिही, आमच्या वर्तमानपत्रात छापतो, असं मीच तुला म्हणालो. तू अडीच महिने घेतलेस. मी दर आठवड्याला विचारायचो, तू दर आठवड्याला म्हणायचास की एक गोष्ट तपासायची आहे. मग आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत संपलं नाही. मला सरळ उत्तर हवं होतं: राख चांगली की वाईट?

‘आतून चांगली,’ तू म्हणायचास. ‘मिठाची वाट बुजवते. पन सावकाश बुजवते. तोपर्यंत वरची साल कच्ची राह्यते. तिले आधीच मीठ लागलं तं ती सुटते. मंग तू म्हनशीन वाईट.’

‘म्हंजे चांगली का वाईट?’

‘भिजवशीन तं चांगली.’

‘असं शीर्षक नाई होत, दिलीप.’

‘मंग तुह्यं शीर्षक बदल. मी काँक्रीट कसा बदलू?’

मी तुला सांगितलं की बातमीत महत्त्वाचं आधी येतं, नंतर त्याहून कमी महत्त्वाचं, तळाशी असं काही ज्याच्यावाचून अडत नाही. हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. तू उलट शिकला होतास. आधी साहित्य, मग पद्धत, मग निरीक्षण, निष्कर्ष आणि अटी शेवटी. ‘पाया भरल्याबिगर स्लॅब टाकतेत का?’ असं तू मलाच विचारलंस. तुझा लेख आला तेव्हा पहिल्या तीन परिच्छेदांत हिमालय होता, मधल्या चारांत राख, आणि ज्याच्यावर सगळं उभं होतं ते अगदी तळाला. याबद्दल मी आजही तुझ्यावर चिडलेला आहे. एक वाक्य, दिलीप. एक वाक्य वर आणलं असतंस तर पुढचं काही घडलं नसतं.

लेख रविवारच्या पुरवणीत गेला. शनिवारी संध्याकाळी पानाच्या तळाशी एक जाहिरात आली आणि वीस ओळी जास्त झाल्या. शेवटचा परिच्छेद कापला गेला. तू फोन केलास तेव्हा मी सांगितलं, ‘डेस्कनं कापला.’ हे खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी पुरवणीचा डेस्क, म्हणजे मजकूर तपासून पान लावणारा, मीच होतो, एवढं मी सांगितलं नाही.

दुसरीही एक गोष्ट सांगितली नाही. वीस ओळी मधूनही काढता आल्या असत्या. हिमालयाच्या वर्णनातूनच तेवढ्या निघाल्या असत्या. पण मी शीर्षक दिलं होतं, ‘राखेचं काँक्रीट मिठाला पुरून उरतं’, आणि ते मला आवडलं होतं. तुझा शेवटचा परिच्छेद त्या शीर्षकाच्या विरोधात बोलत होता. मी तो नीट वाचला, मला तो कळला आणि मी तो काढला.

त्या उन्हाळ्यात तू पुण्याला मुलीकडे होतास. गोवर्धनशेठनी लेख वाचला, कात्रण काढून काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि फरशी उकरायला घेतली. त्यांनी राख आणवली, अंदाजानं मिसळली, फरशी आरशासारखी दिसावी म्हणून वर आलेल्या पाण्यातच घोटून घोटून बसवली. सात दिवस पाणी मारलं. आठव्या दिवशी टाकी सुरू केली, कारण लग्नसराई तोंडावर होती. मालाच्या दाराजवळ येईपर्यंत राख संपली, म्हणून शेवटचा पट्टा बिनराखेचा टाकला. पावसाळा यायच्या आत राखेची फरशी पापुद्र्यांनी उठली. दाराजवळचा पट्टा मात्र बराचसा गुळगुळीत राहिला.

तू पुण्याहून आलास आणि थेट तिथे गेलास. मी बरोबर होतो.

‘हे पाहा तुमची राख,’ शेठजी म्हणाले. ‘अन् हे पाहा बिना राखीचं. आता सांगा, मी आंधळा हावो का?’

‘किती दिवस भिजवलं, शेठजी?’

‘सात.’

‘सात काऊन? मी चार हप्ते लिवलं होतं!’

‘कुठं लिवलं होतं?’ त्यांनी तुला काउंटरपर्यंत नेलं आणि काचेवर बोट ठेवलं. ‘वाचा. तुमीच वाचा मोठ्यानं.’

तू कात्रण वाचलंस. मोठ्यानं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलास, बोट काचेवरून खाली सरकवलंस, खाली जाहिरात होती. मग तू माझ्याकडे पाहिलंस. शेठजींना तू काहीच बोलला नाहीस. ‘पेपरवाल्यांनी कापलं’ एवढं म्हणून तू सुटू शकला असतास आणि कापणारा मीच हे तुला माहीत नसलं तरी पेपरवाला तुझ्या शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर तू फक्त म्हणालास, ‘खुलासा छापजो.’

मी म्हटलं, पाहतो. नंतर म्हटलं, खुलासा नाव किंवा आकडा चुकला तर देतात. आपण चुकीचं काही छापलेलं नाही, फक्त कमी छापलं आहे. या वाक्याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. तू तीन वर्षं दर भेटीत आठवण दिलीस, कधी चिडून, बहुतेक वेळा थट्टेनं. ‘काय म्हनते तुहा डेस्क? मेला का जिवंत हाये?’ मी हसायचो. कारंजात तुला लोक ‘राखवाले साहेब’ म्हणायला लागले होते आणि कोणी तुला घराचा स्लॅब दाखवायला बोलवेनासं झालं होतं. तुला त्याचं वाईट वाटत होतं की नाही हे मी विचारलं नाही.

त्याही परिस्थितीत तुला त्या फरशीत आनंद सापडला, हे मात्र मला अजून समजत नाही. एकाच दिवशी, एकाच माणसानं, एकाच पाण्यात, एकच सिमेंट वापरून टाकलेले दोन भाग; एकात राख, दुसऱ्यात नाही. ‘अशी तुलना लॅबमधे करायले वर्षं जाते बे, इथं शेठजीनं फुकटात करून देल्ली,’ असं तू सांगत फिरायचास. तुझं म्हणणं असं की साल गेली तर जाऊ द्या, मीठ आत कुठवर गेलं ते पाहू. दोन्हींकडचा एकेक तुकडा फोडायचा, फुटलेल्या बाजूवर सिल्व्हर नायट्रेटचं पाणी फवारायचं. मीठ पोहोचलं असेल तिथपर्यंत पांढरं होतं, पुढे तपकिरी. शेठजींनी तीन वर्षं नकार दिला. ‘साल तं काढली माही, आता हाडंही मोजता का?’

तू गेल्यावर दहा दिवसांनी शेठजींचा मला फोन आला. फरशी पूर्ण उकरून टाकणार होते. मजूर सकाळी येणार होते. ‘साहेब म्हनत होते फोडू द्या, फोडू द्या. आता फोडूनच राह्यलो. तुमाले पाहाचं असन तं या.’

मी वहिनींकडे गेलो. बाटली कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, तुझ्या स्वेटरांच्या मागे. त्यांनी ती दिली आणि म्हणाल्या, ‘हात काळे होतेत त्यानं. तुमचे मित्र कधी हातमोजे घालत नव्हते, तुमी घालजा.’ मी घातले नाहीत, कारण ते आणायचं राहिलं.

तीन जागी फोडलं. एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नये, हे तुझंच म्हणणं. एक जागा दाराजवळच्या साध्या पट्ट्यात, दोन राखेच्या भागात. मी फवारलं, रंग उमटायला उजेड हवा म्हणून दार उघडं ठेवलं आणि थांबलो. गोवर्धनशेठ उकिडवे बसले. मजूर घण टेकवून उभे राहिले.

साध्या पट्ट्यात पांढरं वरून निघालं ते थेट सळईपर्यंत गेलं. सळईच्या कडेला लाल गंज होता, हाताला लागत होता. राखेच्या पहिल्या जागी वरचा थर खरवडल्यासारखा होता, पण पांढरी रेघ बोटभर खाली येऊन थांबली. तिथून सळईपर्यंत तपकिरी, आणि सळई काळीभोर, जशी गाडीतून उतरवली असेल तशी. राखेच्या दुसऱ्या जागी एक भेग होती. त्या भेगेतून मीठ सरळ खाली गेलं होतं आणि तिथली सळई गंजलेली होती. हेही लिहितो, कारण तू ते गाळू दिलं नसतंस.

शेठजी बराच वेळ त्या काळ्या सळईवरून अंगठा फिरवत होते. ‘मंग साहेब खरे होते म्हना की.’

‘आतून खरे,’ मी म्हटलं. ‘वरून तुमचं खरं. भिजवलं असतं तं दोन्हीकडून त्याईचंच.’

‘मंग त्याईनं तसं लिवाले पाह्यजे होतं ना.’

‘लिवलं होतं. चार हप्ते भिजवा, सगळं लिवलं होतं. मी कापलं.’

तीन वर्षं जे तुला सांगायचं होतं ते मी प्रथम या माणसाला सांगितलं. शेठजींनी अंगठा धोतराला पुसला.

‘साहेबाले मालूम होतं?’

‘नाई.’

‘माह्यासमोर त्या मानसानं एक शब्द नाई काढला तुमच्या पेपरवर. मी त्याले काय काय बोललो, तुमी बाजूले उभे होते.’ त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले आणि मजुरांना म्हणाले, ‘राहू द्या रे. राखीचं नोका फोडू. भेगीपुरतं काढा, अन् दाराजवळचं काढा.’

तू असतास तर म्हणाला असतास की तीन जागा म्हणजे फार नव्हे, निदान नऊ हव्यात. तू असतास तर माझ्याशी बोलला असतास की नाही, हे मला सांगता येत नाही. याचाच मला जास्त राग येतो. कोणती बाजू खरी हे ठरवायला आयुष्यभर मी माणसं शोधली, त्यांना फोन केले, त्यांचं म्हणणं अवतरणात टाकलं. या एका प्रकरणात एकच माणूस हवा आहे आणि त्याचं म्हणणं घ्यायची वेळ मी दवडली. तू क्षमा केली असतीस, असं वहिनी म्हणतात. त्या तुझ्या वतीनं बोलतात. मी ते तुझं म्हणणं म्हणून छापू शकत नाही.

तुझे आभार कशाबद्दल मानायचे हेही नीट सांगता येत नाही. काचेवरून बोट खाली नेताना तू गप्प राहिलास, त्याबद्दल कदाचित. पण त्या गप्प राहण्यानं मला तीन वर्षं मिळाली आणि मी ती फुकट घालवली, म्हणजे त्याबद्दलही तक्रारच आहे.

परवा दुपारी मी कार्यालयात गेलो. आता मी तिथे नोकरीला नाही, पण टेबलाशी बसू देतात. पुरवणीचा डेस्क आता नेहा पाहते. तिनं माझी बोटं पाहिली. नखांवरचे काळे डाग अजून गेलेले नव्हते.

‘सर, मतदान कुठे होतं?’

‘एक खुलासा द्यायचा आहे,’ मी म्हटलं. ‘तीन वर्षांपूर्वीच्या लेखाचा. शेवटचा परिच्छेद राहिला होता.’

‘तीन वर्षं? आत्ता कोणी तक्रार केली?’

‘ज्यानं केली होती तो वारला.’

तिनं नवी फाइल उघडली. तुझा परिच्छेद मी हातानं लिहून नेला होता, तो तिनं टाइप केला, एकदा माझ्याकडून वाचून घेतला. मग सवयीनं वर एक ओळ टाकली: ‘सदर परिच्छेद अनवधानाने वगळला गेला. क्षमस्व.’ ती ओळ तिला मीच शिकवली होती.

‘अनवधानाने काढ,’ मी म्हटलं. ‘वाचून कापला, असं लिही.’

तिचे हात थांबले. ‘असं आपण लिहीत नाही, सर.’

‘माहीत आहे.’

‘आणि कोणी कापला म्हणून लिहू?’

मी नाव सांगितलं, आडनावासकट.